हजारो वर्षांची माफी आणि एक संध्याकाळ

अन्याय झाला तो माझ्या आईवर. केव्हा, तेही सांगते. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, लग्न लागलं त्याच दिवशी दिवेलागणीला. ठिकाण पंचवटी, भाजीबाजाराच्या मागची गल्ली, आमच्या घराची पुढची खोली. हत्यार म्हणाल तर सोन्याची अंगठी आणि ताटभर तांदूळ. ज्यानं केला त्याचं नाव देत नाही, कारण तो माझा बाप आहे. जिच्यावर झाला तिचंही देत नाही, कारण तिनंच बजावलंय, "काय लिहायचं ते लिही, पण माझं नाव घालू नकोस. ते एकदा लोकांनी ठरवलंय, तेवढं बास."

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी (असं घर कुठे असेल तर मला बघायला बोलवा) थोडक्यात सांगते. नवरी माप ओलांडून आत येते. लक्ष्मीपूजन होतं. मोठ्या ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात एक नाव लिहितो, बायका वाकून वाकून वाचतात, "अय्या, छान!" म्हणतात, पेढे वाटतात. सकाळपर्यंत एका नावानं जगलेली वीस वर्षांची बाई रात्री जेवायला दुसऱ्या नावानं बसते. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला होता. आई सांगते, भात फार मोकळा झाला होता.

नाव का बदललं? तर तेच नाव बाबांच्या थोरल्या बहिणीचं होतं, माझ्या आत्याचं. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत. एकीला हाक मारली आणि दोघी आल्या तर केवढा अनर्थ! आता पुढचं ऐका. आत्याचं लग्न त्याआधीच विंचूरला झालेलं होतं आणि तिथं पहिल्याच संध्याकाळी तिच्यासमोरही तांदूळ पसरले होते. म्हणजे ते नाव विंचूरला आत्याला नव्हतं आणि पंचवटीत आईला नव्हतं. दोघींचं मिळून एक चांगलं नाव, आणि वापरात कुणाच्याच नाही. आत्या माहेरपणाला आली की चार दिवस ते बाहेर काढायचं, चांदीच्या भांड्यासारखं, आणि ती विंचूरच्या एसटीत बसली की परत ठेवून द्यायचं.

आईच्या माहेरी मात्र तिला जुन्याच नावानं हाक मारत. लहानपणी माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट म्हणजे तिकडे आई पहिल्या हाकेला ओ द्यायची. आमच्याकडे दुसऱ्या. बाबा म्हणायचे, "तुझ्या आईला थोडं कमी ऐकू येतं." खरंच वाटायचं मला.

ह्यातलं काही कळायच्या आधीच मी पत्रकं लिहायला शिकले होते. कॉलेजात असताना आमचं एक मंडळ होतं, आठ-नऊ पोरंपोरी, गंगेच्या (नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात) अलीकडे एका प्रेसच्या वरची खोली. खाली लग्नपत्रिका छापायचे, वर आम्ही हुंडाबंदीचे मजकूर लिहायचो. पत्रकाचे नियम मला तिथं पाठ करायला लावले: पहिल्या ओळीत अन्याय, शेवटच्या ओळीत मागणी, मधे वाचणाऱ्याला जांभई द्यायला जागा ठेवायची नाही. मी बरी लिहायचे. 'युगानुयुगे' हा माझा आवडता शब्द होता.

बाबांना माझं कौतुक होतं. एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क. पुरोगामी माणूस, हे मी उपरोधानं म्हणत नाही. रविवारी पहाटे पोस्टरं चिकटवायला आम्ही निघालो की खळीची बादली बाबांच्या स्कूटरच्या पायाशी असायची. कचेरीत कुणी "साहेब, पोरगी फार बोलते तुमची" म्हटलं तर, "बोलायलाच शिकवलीय" म्हणायचे. मुलगी झाली म्हणून पेढे वाटणारा तो गल्लीतला पहिला बाप. पेढे वाटण्याची त्यांना एकूणच सवय.

तर एका वर्षी, नव्वदचं दशक संपता संपता, आठ मार्चला आम्ही शालिमारजवळ एक सभागृह घेतलं. दरवर्षी बायकाच बोलतात आणि बायकाच ऐकतात, ह्या वेळी पुरुषांनी उभं राहून काहीतरी म्हणावं अशी कल्पना निघाली. संकल्पाचा मजकूर मी लिहिला. "हजारो वर्षे स्त्रीजातीवर झालेल्या अन्यायाची जबाबदारी आम्ही पुरुष स्वीकारतो आणि समस्त स्त्रीवर्गाची क्षमा मागतो." पुरुष उठतील की नाही अशी धाकधूक होती. सगळ्यात आधी बाबा उठले. मग भराभरा सगळे. काय आवाज लागला होता! काही जणांचे डोळे ओले. एका गृहस्थांनी दोनदा म्हटलं, पहिल्यांदा माइक बंद होता म्हणून.

आई दुसऱ्या रांगेत होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ओट्यावर चपला काढता काढता तिनं विचारलं,

"अहो, त्यात माझीपण मागितलीत का?"

"सगळ्यांचीच मागितली की."

"मग माझ्या वाट्याला किती आली?"

"आता तो भागाकार तू कर," बाबा म्हणाले, आणि तिघंही हसलो. मला विचाराल तर तिथं हसायला नको होतं. पण चांगला विनोद होता.

त्याच एप्रिलमध्ये आईला नोकरी लागायची वेळ आली. म्हणजे कुणी देत होतं असं नाही, तिनं मिळवली. गल्लीतली पोरं ती कितीतरी वर्षं ओट्यावर घेऊन बसायची, गाणी, अक्षरं, मण्यांचे पाढे. जवळच्या एका खासगी बालवाडीत शिक्षिका हवी होती. आई जुनी मॅट्रिक. मुख्य बाईंनी तिला एक दिवस पोरांसमोर उभी केली, बघितलं, आणि म्हणाल्या, जूनपासून या, फक्त सर्टिफिकेट दाखवून जा.

आई दुपारी घरी आली ती पदरानं मान पुसत.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, ही कोण?"

मॅट्रिकचं सर्टिफिकेट जुन्या नावाचं. रेशनकार्ड नव्या नावाचं. बाईंनी आईला समजावून सांगितलं होतं, फार सौजन्यानं, की तुम्हीच त्या, ह्याची मला खात्री आहे, पण संस्थेला कागद लागतो. यजमानांचं प्रतिज्ञापत्र आणा, नाहीतर सासरच्या एखाद्या जवळच्या माणसाचं, की लग्नात नाव बदललं आणि दोन्ही नावांची बाई एकच.

"मीच लिहून देते म्हटलं, मी मीच आहे म्हणून," आई म्हणाली. "तर म्हणाल्या, तुमचं चालणार नाही."

जून दीड महिन्यावर होता. एवढ्या वर्षांत आईनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती एका कागदावर अडली होती. मला केवढा आनंद झाला! पत्रकवाल्यांना असा आनंद होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. समोर चालताबोलता अन्याय, तोही आपल्या घरात, रिक्षाभाडं न खर्चता. मी म्हटलं, मसुदा मी करते.

पाऊण पान केला. 'युगानुयुगे चालत आलेल्या पितृसत्ताक व्यवस्थेने स्त्रीची ओळख पुसून टाकली असून' अशी सुरुवात. बाबांनी उभं राहून मोठ्यानं वाचला. "वा! हे कोर्टात कशाला, छापूनच काढू," म्हणाले, आणि सहीसाठी खिशातलं पेन काढलंसुद्धा.

आई मेथी निवडत होती. "ह्यात मी कुठंय?"

"आई, अगं, स्त्री म्हणजे तूच ना."

"आणि नाव कुणी बदललं?"

"व्यवस्थेनं."

"मग व्यवस्थेला म्हणावं, ये रिक्षात बसून. कर सही."

मग तिनंच सांगितलं, मी लिहिलं. 'माझ्या बायकोचं लग्नाआधीचं नाव हे. लग्नाच्या दिवशी मी ते बदललं. बदलताना तिला विचारलं नाही. दोन्ही नावांची बाई एकच आहे.' संपलं. मेथीची जुडी संपायच्या आत प्रतिज्ञापत्र संपलं.

बाबांनी खिशाला परत पेन लावलं.

"हे 'मी बदललं' बरोबर नाही. मी फक्त लिहिलं. ठरवलं काकांनी."

"अंगठी कुणाच्या बोटात होती?"

"अगं, काकांनी नाव सुचवलं, आईनं मान डोलावली, भटजींनी ताट पुढे सरकवलं…"

"तिघंही गेले."

"तेच म्हणतोय ना मी! गेलेल्या माणसांना आता…"

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय. तुम्ही उरलात."

बाबा खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांना मुद्दे सुचतात. "त्या काळात बायकोला विचारत होतं का कुणी?"

"काळ नव्हता त्या खोलीत. तुम्ही होतात."

"आणि तू तरी तेव्हा बोललीस का? एक शब्द बोलली असतीस तर…"

"मला त्या घरात येऊन तासदीड तास झाला होता. मोरी कुठंय तेसुद्धा माहीत नव्हतं मला."

बाबांनी कागद परत हातात घेतला. मग वकिली आवाजात, "बरं, ते 'विचारलं नाही' संस्थेनं मागितलंय का? नाही ना? मग ते कशाला?"

"संस्थेला नकोय," आई म्हणाली. "मला हवंय. कागद होतोच आहे तर एकात दोन कामं होऊ देत."

तिथंच अडलं. ते वाक्य काढ, उद्या सकाळी सही करतो, असं बाबा म्हणत. ते वाक्य काढलं तर मला सहीच नको, असं आई म्हणे. आणि दोघंही एकमेकांशी अतिशय नीट वागत होते. भांडण नाही, आदळआपट नाही. बाबा तिला भाजी आणून देत, ती त्यांच्या शर्टाला इस्त्री करी, आणि कॅलेंडरवरचा मे महिना पुढे सरकत होता.

मी अर्थातच गप्प बसले नाही. सभागृहातला तो संकल्प, बाबांनी ज्यावर टाळ्या घेतल्या होत्या, मी त्यांच्या दाढीच्या आरशाला चिकटवला. खळीनं, म्हणजे निघू नये. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यात पेन्सिलीनं दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलेलं. मी रागावून म्हटलं, "बाबा, हजारो वर्षांची माफी तुम्ही मागता. एका संध्याकाळची मागायला काय होतं?"

"हजारो वर्षांत मी एकटा नव्हतो," ते म्हणाले.

ह्यापेक्षा प्रामाणिक वाक्य मी त्या विषयावर ऐकलेलं नाही. आमच्या कुठल्याही शिबिरात नाही. ते बोलून गेले आणि दाढी करायला लागले.

मे महिन्यात गंगेवर संध्याकाळी व्याख्यानं असतात. बाबा एक दिवस मुद्दाम गेले आणि शेवटी उभं राहून त्यांनी प्रश्न विचारला: स्त्रियांची नावं बदलण्याच्या प्रथेला जबाबदार कोण? वक्त्यांना प्रश्न इतका आवडला की ते घाटावरचे दिवे मालवायला माणूस आला तरी उत्तर देत होते. ऋषी झाले, राजे झाले, शेतीचा शोध झाला, इंग्रज येऊन गेले. बाबा प्रसन्न होऊन घरी आले.

"कोण निघालं?" आईनं ताट वाढता वाढता विचारलं.

"समाज."

"पत्ता दिलाय का?"

मेच्या शेवटी आत्या आली. विंचूरहून, कांद्याची गोणी रिक्षावाल्याच्या डोक्यावर देऊन, त्याला वाटभर शिव्या घालत. आत्याचं लग्नात नाव बदललं तशी बोलीही बदलली. पंचवटीत वाढलेली ही बाई आता 'लय' आणि 'नाय' असंच बोलते. बाबांना वाटलं, आली आपली बाजू. चहा व्हायच्या आत त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं. "बघ ना तायडे, काकांनी ठरवलेलं नाव, आणि आता मी लिहून द्यायचं म्हणे की मी बदललं!"

आत्या बशीत चहा ओतत होती. ती थांबली.

"काका कुठं बोलला रे? मी बोलले."

"तू?"

"मंग! विंचूरला माझं नाव गेलं व्हतं. म्हनलं, निदान इथं तरी राहील. माहेरी आले की कुणी तरी हाक मारील. तर ही आली, नेमकी त्याच नावाची. मी म्हनलं, माझं नाव दुसरीला द्यायचं नाय. रडले. जेवले नाय. मंग काका म्हनला, बरं बाई, हिचं बदलू." तिनं बाबांकडे हात केला. "तू काय, बैलागत. वळवला तिकडं वळला. पन लिहिलंस तूच, ते काय खोटं नाय."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. आत्यानं तिच्याकडे मान वळवली आणि तिला हाक मारली. जुन्या नावानं. म्हणजे स्वतःच्याच नावानं. त्या घरात त्या दिवसापर्यंत आईला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"काय, ताई?" आई लगेच म्हणाली.

"तुझं नाव मी घेतलं. मला लय लागत व्हतं तवा. पन तुलाबी लागत असंल, ते काय मी बघितलं नाय." मग चहा एका घोटात संपवून ती उठली. "कुठं करायची सही? चल. मला दुपारची गाडी हाय."

माझ्या पत्रकांत ह्या दृश्याला जागा नव्हती. त्यांत अन्याय करणारे पुरुष असतात आणि सोसणाऱ्या बायका. विंचूरला नाव गमावलेल्या बाईनं पंचवटीत येऊन दुसरीचं नाव घ्यावं, आणि पंचवीसेक वर्षांनी त्याचा जाब स्वतःहून चहाच्या बशीवर द्यावा, हे कुठल्या परिच्छेदात घालायचं? मी तेव्हा तिच्या मागोमाग चपला घातल्या. नंतर विचार करून माझं मत असं झालं की ते जिथं घडलं तिथंच घालायचं, बाबांच्या शेजारी, आणि दोघांचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा. बहिणीनं सांगितलं म्हणून भावाची सुटका होत नाही. पण जे आपल्याकडून झालं ते तिनं उचललं, आणि उचलायला तिला कुणी सभागृह घेऊन दिलं नव्हतं.

सीबीएस स्टँडजवळ कोर्टाच्या आवारात टपऱ्यांमधे टायपिस्ट बसतात. आम्ही तिघी गेलो. बाबा स्कूटरवरून मागे आले. कशाला, ते त्यांनाही माहीत नसावं. सोडायला म्हणून आले, असं म्हणाले. टायपिस्टनं आत्याचं म्हणणं उतरवून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"नणंद."

"ओळखीचं काय आहे?"

आत्यानं मतदानाचं ओळखपत्र काढलं. त्यावर विंचूरचं नाव, विंचूरचं आडनाव. टायपिस्टनं ते वाचलं, आईचं रेशनकार्ड वाचलं, आणि चष्मा वर केला. "तुम्ही ह्यांच्या नणंद, ह्याला पुरावा काय? तुमचं लग्नाआधीचं नाव?"

आत्यानं सांगितलं.

"ते तर ह्यांचं नाव आहे ना?"

"दोघींचं हाय," आत्या म्हणाली. "म्हनून तर आलोय."

टायपिस्टनं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाला, ह्या नणंदबाई तुमच्या घरातल्याच आहेत असं त्यांच्या माहेरच्या कुणीतरी आधी लिहून द्यायला हवं. आहे का कुणी?

बाबा पुढे झाले. "मी भाऊ आहे."

आणि मग मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. ज्या कागदावर सही करायला हा माणूस महिनाभर तयार नव्हता, त्याच्या जुळ्या भावासारखा कागद त्यानं उभ्या उभ्या सांगितला, न अडखळता, सभेत बोलावं तशा आवाजात: "सदर महिला माझी सख्खी बहीण आहे. तिच्या लग्नाच्या दिवशी तिच्या नवऱ्यानं तिचं नाव बदललं." टायपिस्टचे हात थांबले तसे बाबा म्हणाले, "थांबा, अजून आहे. लिहा: तिला न विचारता."

टंकलेखन यंत्र खटखटलं. बाबांनी सही केली, आणि पेनाला टोपण घालताना त्यांच्या लक्षात आलं की आम्ही तिघी त्यांच्याकडे बघतोय.

"लिहिलं की हो," आई म्हणाली. अगदी मऊ आवाजात. "येतं तुम्हाला."

"तिच्या नवऱ्यानं खरंच विचारलं नव्हतं," बाबा म्हणाले.

"आतोबांनी ठरवलेलं होतं का ते नाव?" मी विचारलं. "की त्यांच्या काकांनी?"

आत्या फिसकन हसली. "त्यांच्या आजीनं."

आईनं घरून आणलेला आपला तो चार ओळींचा कागद पिशवीतून काढला आणि यंत्राशेजारी ठेवला. "ह्यात बहिणीच्या जागी बायको. एवढाच फरक आहे. आता इथंच आहोत तर…"

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. टपरीत टायपिस्ट, बाहेर दोन वकील, एक बकरी. "इथं नको गं," ते म्हणाले. "लोक आहेत."

भरल्या सभागृहात माइकवर क्षमा मागितलेला माणूस. मी तोंड उघडलं होतं, पण आईनं माझा हात दाबला. बाबा बाहेर गेले. ते पळून गेले असं मी ठरवून टाकलं होतं, तर थोड्या वेळानं रसवंतीचा पोऱ्या बरोबर घेऊन आले. चार ग्लास उसाचा रस. आईचा बिनबर्फाचा, आल्याचा. तिला तसाच लागतो, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आत्याच्या कागदावर काम झालं. जूनमध्ये आई शाळेत रुजू झाली, आणि तिथं तिनं सर्टिफिकेटवरचंच नाव लावून घेतलं. पोरं तिला नुसतं 'बाई' म्हणतात ती गोष्ट वेगळी. पहिल्याच महिन्यात बाबांनी काही कामासाठी शाळेत फोन केला आणि तांदळातल्या नावाची चौकशी केली. शिपाई म्हणाला, त्या नावाच्या इथं कुणी बाई नाहीत, आणि फोन ठेवला. बाबांनी संध्याकाळी हा किस्सा रंगवून सांगितला. सगळ्यात जास्त आई हसली. पुढच्या वेळी फोन करताना त्यांनी बरोबर नाव घेतलं. पण ते वाक्य, 'तिला विचारलं नाही', आईबद्दल त्यांनी ना लिहिलंय ना म्हटलंय. तो चार ओळींचा कागद आईच्या कपाटात साड्यांखाली आहे. ती वाट बघत बसलेली नाही, तिला कामं आहेत. पण तिनं तो फाडलेलाही नाही.

पुढच्या आठ मार्चला मी मंडळात भांडून संकल्प बदलून घेतला. हजारो वर्षं काढली. ज्यानं त्यानं उभं राहून आपल्या घरातली, आपण स्वतः केलेली एक गोष्ट सांगायची, कुणाबरोबर केली तेही. सभागृह तेच, माइकही ह्या वेळी चालू होता. बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. शेवटी एक गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारलं, "मागच्या वर्षीचा मजकूर शिल्लक नाही का? तो चांगला होता हो." टाळ्या पडल्या.

मला आता त्या मजकुराची लाज वाटत नाही, रागही येत नाही. तो कुणाला परवडतो ते कळलंय. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचे गुन्हे मी किंवा तुम्ही केलेले नाहीत, हे खरं आहे, आणि ते मोठमोठ्यानं सांगायला आपण सगळे तयार असतो. पण ते गुन्हे हजारो वर्षं आपोआप चालत आले नाहीत. प्रत्येक घरात, प्रत्येक वेळी, कुणीतरी हात लावला म्हणून ते पुढच्या खोलीत आले. तो हात लावणारा माणूस बहुतेक वेळा अजून जिवंत असतो, पेन्शन घेतो, सकाळी दूध आणायला जातो. कधी कधी तो लेखही वाचतो.

तेव्हा आता तुमच्याकडे मागणी. क्षमा मागू नका, ती सवयीची झालीय. आज संध्याकाळी, ज्या बाईचं नाव तुम्ही बदललंत, किंवा बदलताना बघत उभे होतात, किंवा ज्याचे पेढे खाल्लेत, तिच्यासमोर बसा. ती पोळ्या लाटत असेल तर लाटणं खाली ठेवेपर्यंत थांबा. तिच्या जुन्या नावानं तिला हाक मारा. आणि एवढंच वाक्य म्हणा: हे मी केलं, तुला विचारलं नाही. त्यात काका घालू नका, काळ घालू नका, समाज घालू नका. म्हणून झाल्यावर ती काय म्हणते ते ऐका, आणि ती बोलत असताना मधे बोलू नका.

बाबा, तुम्हीसुद्धा.